अंडरग्राउंड कॉमिक्समधले वंशवादी साचे आणि न पचणारा उपरोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी अंडरग्राउंड कॉमिक्सवर मराठीत काहीही लिहिलं की त्याच त्या शंका पुन्हा येतात. म्हणून त्या इथे एकत्र केल्या आहेत. प्रश्न वाचकांचे आहेत, फक्त भाषा थोडी सारखी केली आहे. काही शीर्षकांतच शिव्या आहेत, त्या इथे छापलेल्या नाहीत. संदर्भ कळायला त्यांची गरज पडत नाही.

१. अंडरग्राउंड कॉमिक्स म्हणजे काय? चोरून छापलेली पुस्तकं का?

चोरून नाही, पण नेहमीची वाट सोडून. १९५४मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा गदारोळ झाला, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली लादून घेतली. कोडचा शिक्का नसलेलं कॉमिक वितरक उचलत नसत. साठच्या दशकात काही चित्रकारांनी हा रस्ताच टाळला. स्वतः छापायचं आणि हिप्पी तरुणांसाठी चिलमी, उदबत्त्या, पोस्टरं विकणाऱ्या 'हेड शॉप' नावाच्या दुकानांत ठेवायचं. रॉबर्ट क्रम्बच्या 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक १९६८च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. किंमत २५ सेंट. तो आणि त्याची गरोदर बायको डेना बाबागाडीत अंक घालून हेट स्ट्रीटवर विकत फिरले.

संपादक नाही, जाहिरातदार नाही, शिक्का नाही. त्यामुळे लैंगिकता, अमली पदार्थ, हिंसा, धर्म असं सगळंच पानावर आलं. वंशवादी साचेही आले, आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत.

२. या कॉमिक्समधली काळी माणसं अशी का काढलेली असतात? जाड ओठ, बटबटीत डोळे, कोळशासारखा रंग?

हा चेहरा अंडरग्राउंडवाल्यांनी शोधलेला नाही, त्यांना तो वारशात मिळाला. १८३०च्या दशकात टी. डी. राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून 'जिम क्रो' हे पात्र रंगवायचा. त्यातून 'मिन्स्ट्रेल शो' हा करमणुकीचा प्रकारच उभा राहिला. काजळीचा चेहरा, ओठांभोवती रुंद पट्टा, गरागरा फिरणारे डोळे, गचाळ उच्चार ही सगळी सामग्री तिथून जाहिरातींत, बाहुल्यांत, वर्तमानपत्री पट्ट्यांत आणि शेवटी ॲनिमेशनमध्ये गेली. विल आइसनरसारख्या थोर चित्रकाराच्या 'द स्पिरिट'मध्ये १९४०पासून एबनी व्हाइट नावाचा पोरगा आहे. तो शूर आहे, गोड आहे, आणि तोंड मात्र मिन्स्ट्रेलचंच.

मराठी वाचकाने याच कुळातली पात्रं घरबसल्या पाहिली आहेत. १९६४पासून निघणारी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही येत. त्यातल्या मँड्रेकचा लोथार आठवा. आफ्रिकी राजपुत्र, पण काम जादूगाराची पाठराखण करण्याचं. १९३४मध्ये मूळ पट्टी सुरू झाली तेव्हा तो अंगावर बिबळ्याचं कातडं, डोक्यावर फेझ टोपी आणि तोंडात मोडकंतोडकं इंग्रजी अशा थाटात वावरायचा. १९६५ला फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार झाला, त्यानंतर लोथारची भाषा आणि कपडे सुधारले. वेताळाच्या (मूळ नाव 'फँटम') बाबतीत तर आणखी मजा झाली. 'बंगाला' हे देशाचं नाव आपल्या बंगालसारखं ऐकू येतं म्हणून इंद्रजालने ते 'डेंकाली' केलं. विषबाण मारणारे बांदर बुटके मात्र होते तसेच राहिले.

३. पण १९६८ म्हणजे नागरी हक्कांच्या चळवळीनंतरचा काळ. तेव्हा हे पुन्हा काढायची गरज काय होती?

याच प्रश्नापाशी सगळं अडतं. त्याच १९६८मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नर ब्रदर्सची जुनी ११ कार्टून्स दूरदर्शन-वितरणातून काढून घेतली, कारण त्यांतलं काळ्यांचं चित्रण आता चालण्यासारखं नव्हतं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली. म्हणजे बाजारपेठ हा चेहरा माळ्यावर टाकत होती, आणि त्याच वर्षी 'झॅप'च्या दुसऱ्या अंकात क्रम्बने तो खाली काढला. अँजेलफूड मॅकस्पेड असं त्या पात्राचं नाव. गवताचा घागरा नेसलेली, प्रचंड ओठांची काळी बाई. सगळे गोरे पुरुष तिच्यामागे लाळ गाळत असतात आणि ती अजाणपणे हसत असते.

क्रम्बने वेळोवेळी दिलेलं स्पष्टीकरण साधारण असं: अमेरिकेने लहानपणापासून माझ्या डोक्यात भरलेला कचरा मी बाहेर ओततो आहे, मी त्याचा पुरस्कर्ता नाही. १९६५-६६ला घेतलेल्या एलएसडीने जुन्या कार्टूनांचे गाडलेले चेहरे वर आणले, असंही तो सांगतो. मला यात तथ्य वाटतं. माळ्यावर टाकलेला चेहरा लोकांच्या मनातून गेलेला नव्हता, आणि सभ्य अमेरिका तो गेल्याचं नाटक करत होती. पण घाण बाहेर काढणं आणि तिच्यावर टीका करणं ही दोन वेगळी कामं आहेत. अँजेलफूडच्या पानांवर पहिलं काम झालेलं दिसतं. दुसरं फार थोड्या चौकटींत दिसतं. गोरे पुरुष हास्यास्पद आहेत, कबूल. पण त्यांना संवाद आहेत, हाव आहे, पेच आहेत. तिला फक्त शरीर आहे.

४. उपरोध आहे की नुसताच द्वेष, हे ओळखायचं कसं?

चित्रकाराला काय म्हणायचं होतं यापासून सुरुवात करू नका. पानावर हसू कुणाच्या अंगावर पडतंय ते पाहा.

'झॅप'च्या पहिल्याच अंकात 'व्हाइटमॅन' नावाची गोष्ट आहे. सुटाबुटातला, आतून उकळणारा, सतत स्वतःला आवरणारा एक मध्यमवर्गीय गोरा. शेवटी रस्त्यात काळ्यांची एक वाजतगाजत जाणारी मिरवणूक त्याला गाठते. ही काळी माणसंही साच्यातलीच आहेत, कायम आनंदी, कायम तालात. तरी गोष्टीचा रोख गोऱ्या माणसाच्या भीतीवर आहे. ती भीती काढून टाका, गोष्ट कोसळते. अँजेलफूडचं तसं नाही. तिथे टीकेचा भाग काढून टाकला तरी जुना विनोद जसाच्या तसा चालू राहतो.

यातला अडचणीचा भाग असा की चित्र आधी पोचतं. उपरोध मागून चालत येतो, आणि वाचक त्या जगातला नसेल तर येतच नाही. शब्दांत उपरोध असेल तर वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. चित्राला तेवढा वेळ कुणी देत नाही. खालच्या अनेक उत्तरांत हा मुद्दा लागणार आहे.

५. मी हे वाचून हसले आणि मग लाज वाटली. माझ्यातच काही खोट आहे का?

नाही. क्रम्ब रेषेचा बादशहा आहे, त्याच्या चौकटींची लय हसवायलाच बांधलेली आहे. हसण्यानंतरचा तो ओशाळा क्षण चांगल्या अंडरग्राउंड पानाला हवाच असतो. तो आलाच नाही तर मात्र पान पुन्हा उघडा.

६. त्या १९९३च्या दोन कथांबद्दल ऐकलं. त्या खरंच नाझींनी छापल्या?

हो. 'वीअर्डो' मासिकाच्या २८व्या अंकात (१९९३) क्रम्बच्या दोन छोट्या कथा आल्या. काळे अमेरिका ताब्यात घेतील तेव्हा काय होईल, ही एक. ज्यू घेतील तेव्हा काय होईल, ही दुसरी. दोन्हींत गोऱ्या वंशद्वेष्ट्यांच्या डोक्यातली भयस्वप्नं इतकी ताणलेली आहेत की ती हास्यास्पद व्हावीत, अशी कल्पना. पुढे एका गोऱ्या वर्चस्ववादी प्रकाशनाने त्या परवानगीशिवाय पुनर्मुद्रित केल्या. एकही रेघ न बदलता.

क्रम्बची पत्नी आणि सहलेखिका अलीन कोमिन्स्की-क्रम्ब ज्यू होती. त्यामुळे 'तो मनातून नाझी' हा आरोप मला पोरकट वाटतो. पण जो उपरोध शत्रू स्वतःच्या जाहिरातीसाठी जसाच्या तसा वापरू शकतो, त्याच्या बांधणीतच दोष आहे. अतिशयोक्ती हे एकच हत्यार वापरलं होतं. द्वेषाच्या बाबतीत ते बोथट पडतं, कारण द्वेष करणाऱ्याला काहीच अतिशयोक्त वाटत नाही.

७. क्रम्ब वंशद्वेष्टा आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.

एवढंच सांगता येत नाही, सॉरी. याच माणसाने आयुष्यभर १९२० आणि ३०च्या दशकांतल्या काळ्या गायकांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या जमवल्या. १९८०मध्ये त्याने ब्लूज या काळ्यांच्या संगीतप्रकारातल्या गायकांची चित्रकार्डं काढली. त्यांत प्रत्येक चेहरा वेगळा, प्रत्येकाचा कोट, टोपी, गिटार धरायची ढब वेगळी. 'झॅप'च्या ११व्या अंकात ब्लूज गायक चार्ली पॅटनचं चरित्र आहे, तेही तसंच. मिसिसिपीतली शेतमजुरी, दारू, भांडणं, पण माणूस पूर्ण माणूस.

त्यामुळे 'त्याला दुसरं काढताच येत नव्हतं' किंवा 'त्या काळी सगळे तसंच काढायचे' या सबबी त्याला लागू होत नाहीत. काढता येत होतं. मृत ब्लूज गायकाला त्याने चेहरा दिला आणि जिवंत काळ्या बाईला साचा. माझी तक्रार नेमकी इथे आहे. अँजेलफूडबद्दल वेगळी खूणगाठ बांधून ठेवा, कारण तिथे वंश आणि स्त्रीदेह दोन्हींचा हिशेब एकदम होतो. ट्रिना रॉबिन्ससारख्या स्त्री-चित्रकारांनी क्रम्बच्या बायकांच्या चित्रणाला सत्तरच्या दशकापासून उघड विरोध केला, आणि त्यासाठी त्यांना 'विनोद कळत नाही' हे बरंच ऐकावं लागलं.

८. कॉमिक्स कोड पाळला असता तर हे घडलंच नसतं. मग सेन्सॉर बरा नव्हे का?

कोडमध्ये कुठल्याही वंशाची वा धर्माची टिंगल चालणार नाही असं कलम होतं, हे खरं. आता त्याचा वापर पाहा. ईसी कॉमिक्सने १९५३मध्ये 'जजमेंट डे' नावाची विज्ञानकथा छापली होती, लेखन अल फेल्डस्टीन, चित्रं जो ऑर्लँडो. पृथ्वीचा एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे केशरी यंत्रमानव निळ्यांना वेगळ्या वस्तीत ठेवतात, दुय्यम कामं देतात. निरीक्षक ठरवतो की हा ग्रह अजून लायक नाही. शेवटच्या चौकटीत तो यानात शिरस्त्राण काढतो. माणूस काळा आहे, कातडीवर घामाचे थेंब चमकताहेत.

१९५६ला ही कथा पुन्हा छापायची ठरली तेव्हा कोडचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी हरकत घेतली: निरीक्षक काळा नको. प्रकाशक विल्यम गेन्स भडकला, जाहीर वाच्यता करण्याची धमकी दिली आणि कथा न बदलता छापली. त्यानंतर ईसीने कॉमिक बुकं काढणंच थांबवलं. टिंगल थांबवणारं कलम असलेल्या कोडने एका सभ्य काळ्या अंतराळवीराला अडवायचा प्रयत्न केला. नियम कुणाच्या हातात आहे यावर बरंच ठरतं.

९. काळे चित्रकार होतेच ना? त्यांचं नाव कुणी घेत नाही.

होते, आणि नावं घ्यायलाच हवीत. लॅरी फुलरचं 'एबन' १९७०चं, काळ्या चित्रकाराने काढलेला काळा सुपरहिरो. एकच अंक निघाला. इंडियानाच्या रिचर्ड 'ग्रास' ग्रीनने १९७२मध्ये 'सुपर सोल कॉमिक्स' काढलं. तो गोऱ्या-काळ्या दोघांच्या खोड्या काढायचा आणि कधी कधी साचेही वापरायचा. चार्ल्स जॉन्सनचा 'ब्लॅक ह्यूमर' हा व्यंगचित्रसंग्रह १९७०चा. हाच जॉन्सन पुढे कादंबरीकार झाला आणि १९९०चा नॅशनल बुक अवॉर्ड त्याने मिळवला.

पण संख्या कमी होती, हे मान्य करू. ज्या चळवळीला आपण सगळ्या बंधनांतून मुक्त म्हणतो ती बहुतांशी गोऱ्या पुरुषांची होती. 'आम्ही सगळ्यांचीच चेष्टा करतो' हे वाक्य तिथे फार ऐकू येई. चेष्टेला उलट उत्तर देणारे खोलीत नव्हते, हे कुणी बोलत नसे.

जुन्या काळातली एक चमत्कारिक गोष्ट जाता जाता. 'क्रेझी कॅट' या वर्तमानपत्री पट्टीचा कर्ता जॉर्ज हेरिमन आयुष्यभर गोरा म्हणून वावरला. १८८०च्या न्यू ऑर्लिन्समधल्या जन्मनोंदीत तो 'कलर्ड' असल्याचं १९७१ला उघड झालं, त्याच्या मृत्यूनंतर पाव शतकाने.

१०. चित्रकार त्याच समाजातला असेल तर साचा वापरलेला चालतो का?

हक्क जास्त असतो, हमी मिळत नाही. जीन लुएन यांगच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज'मध्ये (२००६) चिन-की नावाचा चुलतभाऊ आहे. पिवळी कातडी, पुढे आलेले दात, 'र'च्या जागी 'ल'. चिनी माणसाबद्दलच्या सगळ्या कुचेष्टा एकाच देहात कोंबल्या आहेत. तो भयंकर आहे आणि असायलाच हवा, कारण त्याला पाहून लाजणारा अमेरिकी मुलगा हा गोष्टीचा खरा विषय आहे. साच्याला कथेत काम दिलेलं आहे आणि काम झाल्यावर त्याचा मुखवटा उतरतो. तरीही त्यातली दोन पानं फोटो काढून कुणाला पाठवलीत तर पाहणाऱ्याला फक्त पिवळा चेहरा दिसेल. प्रश्न ४मधला घोळ इथेही सुटत नाही.

११. 'माउस'मध्ये पोलिश लोकांना डुकरं केलंय. तो साचा नाही का?

आहे, आणि पोलंडमध्ये लोक चिडले. २००१ला पोलिश आवृत्ती आली तेव्हा निदर्शनं झाली, प्रती जाळल्या गेल्या.

नाझी छळछावणीतून वाचलेल्या आईवडिलांची गोष्ट प्राण्यांच्या रूपात सांगणारी आर्ट स्पिगेलमनची ही कृती मुळात अंडरग्राउंडमधलीच. १९७२च्या एका प्राणीकथांच्या कॉमिकसाठी त्याने तीन पानांचं पहिलं 'माउस' केलं. त्याआधी त्याच्या डोक्यात अमेरिकी वंशद्वेषावरची गोष्ट होती, मांजरं कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशद्वेष्ट्या संघटनेची आणि उंदीर काळे. काळ्यांच्या आयुष्याबद्दल आपल्याला पुरेसं ठाऊक नाही हे जाणवल्यावर त्याने ती सोडली आणि स्वतःच्या आईवडिलांच्या छळछावणीकडे वळला. या सगळ्या इतिहासात मला हा निर्णय सर्वांत शहाणा वाटतो.

नाझी प्रचार ज्यूंना उंदीर-घुशी म्हणायचा, स्पिगेलमनने ती शिवीच पात्रांना चढवली. पण मुखवट्याच्या दोऱ्या दिसतील अशाही चौकटी त्याने काढल्या. ज्यू माणूस पोलिश असल्याची बतावणी करतो तेव्हा तो उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा बांधतो. वर्गवारी खोटी आहे हे पुस्तक स्वतःच सांगत राहतं. पोलिश वाचकाला तरीही डुक्कर टोचतं. त्याचं टोचणं खोटं नाही.

१२. ओबामांचं ते मुखपृष्ठ किंवा फ्रान्समधलं तोबिरांचं चित्र, तेही यातच येतं का?

ती अंडरग्राउंड नाहीत, पण पेच तोच. २००८च्या 'न्यू यॉर्कर' मुखपृष्ठावर बॅरी ब्लिटने ओबामांना मुस्लिम पेहरावात आणि मिशेल यांना बंदूक लटकवून दाखवलं. रोख ओबामा छुपे मुस्लिम आहेत अशा अफवा पसरवणाऱ्यांवर होता, पण ते अफवा पसरवणारे चित्रात कुठेच नव्हते. २०१३मध्ये 'शार्ली एब्दो' या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकाच्या शार्बने काळ्या मंत्री क्रिस्तियान तोबिरा यांना माकडाच्या देहात काढलं. शेजारी नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचं चिन्ह आणि त्यांच्या घोषणेची विटंबना होती. फ्रेंच राजकारण ठाऊक असलेल्याला लक्ष्य कळतं, बाकी जगाला काळी बाई आणि माकड एवढंच दिसतं. ब्लिटपेक्षा शार्बने लक्ष्याची खूण तरी ठेवली होती, असं माझं मत.

१३. आंबेडकरांच्या गोगलगायीच्या व्यंगचित्राची तुलना याच्याशी करता येईल?

जपून. शंकर यांचं ते १९४९चं चित्र वर्तमानपत्री राजकीय व्यंगचित्र होतं: संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. विषय संविधान-निर्मितीचा संथपणा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ते होतं. मे २०१२मध्ये संसदेत गदारोळ झाला, पुण्यात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, त्यांनी आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडलं.

मोडतोडीचं समर्थन नाही. पण 'यांना विनोद कळत नाही' हे उत्तर इथेही अपुरं आहे. उच्चवर्णीय माणूस चाबूक उगारून दलित माणसाच्या मागे उभा आहे, ही प्रतिमा काही वाचकांपर्यंत गोगलगायीच्या आधी पोचते. आंबेडकरांवरच्या १९३२ ते १९४८च्या व्यंगचित्रांचा उन्नमती श्याम सुंदर यांनी केलेला संग्रह चाळला तर कळतं की हे एकटं चित्र नव्हतं, त्यामागे मोठी रांग होती. अँजेलफूडच्या मागे मिन्स्ट्रेलची होती तशी.

१४. अशा चित्रकारांवर बहिष्कार घालावा का?

२०१८मध्ये अमेरिकेतल्या इग्नाट्झ या कॉमिक्स-पुरस्कारांच्या मंचावरून काळा चित्रकार बेन पासमोर क्रम्बच्या प्रतिमांनी झालेल्या इजेबद्दल बोलला. त्याच वर्षी मॅसेच्युसेट्सच्या एका स्वतंत्र कॉमिक्स मेळ्याने एका दालनाला दिलेलं क्रम्बचं नाव काढलं. लगेच 'इतिहास पुसला' अशी ओरड झाली. दालनाचं नाव हा सन्मान असतो, सन्मान काढून घेता येतो. पुस्तकं दुकानात होतीच, आजही आहेत. ती काढा असं कुणी म्हणालं तर माझा विरोध असेल.

१५. मी शिक्षक आहे. कॉलेजच्या वर्गात ही पानं दाखवू का?

दाखवा, पण सुटं पान पडद्यावर टाकू नका. आधी मिन्स्ट्रेल शोचं एखादं जुनं भित्तिपत्रक, मग पान, मग त्याच काळातल्या काळ्या चित्रकाराचं काम (प्रश्न ९), असा क्रम ठेवला तर चर्चा हमरीतुमरीवर जात नाही. काय दिसणार आहे ते आदल्या तासाला सांगा. वर्गातल्या एखाद्या मुलाला 'तुझ्या समाजाला काय वाटतं?' असं उभं करून विचारू नका, तो तिथे शिकायला आला आहे. शाळेच्या वर्गात अजिबात नको. ही कॉमिक्स प्रौढांसाठी होती आणि त्यांतला लैंगिक मजकूर उघडावाघडा आहे.

१६. मला स्वतःला असं बोचरं काही काढायचंय. कुठवर जावं?

कच्चं चित्र झालं की सगळे फुगे आणि मथळा झाकून कुणाला तरी दाखवा. उरलेलं चित्र जुन्या कुचेष्टेसारखंच दिसत असेल तर तुमचा उपरोध फक्त शब्दांत आहे, आणि मोबाइलवर शब्द आधी कापले जातात. दुसरं, ज्याच्यावर टीका आहे तो चौकटीत हजर हवा (ब्लिटची चूक, प्रश्न १२). तिसरं थोडं कडू आहे. ज्या माणसांचा साचा वापरताय त्यांतल्या कुणाचा खराखुरा चेहरा तुम्ही कधी काढला आहे का? नसेल तर आधी तो काढा. निदान हात तरी बसेल.

१७. वाचायला सुरुवात कुठून करू?

'माउस'पासून. ते भारतात सहज मिळतं. मग क्रम्बचं चार्ली पॅटनवरचं चरित्र, आणि त्यानंतर 'झॅप'चे पहिले दोन अंक, पण सलग आणि पूर्ण. इंटरनेटवर फिरणाऱ्या सुट्या चौकटींवरून मत बनवू नका, बचावाचंही नको आणि आरोपाचंही. सोबत बेन पासमोरचं 'युअर ब्लॅक फ्रेंड' ठेवा. छोटं आहे, एका बैठकीत होतं, आणि चेष्टेला उलट उत्तर देणारं कुणी खोलीत आलं की विनोद कसा बदलतो ते त्यात दिसतं.